अफू, दूध आणि सोयाबीन : अफूसमान पेप्टाइडांचे नैसर्गिक उगम व वर्तनावरील परिणाम

१. प्रास्ताविक

‘ओपिऑइड पेप्टाइडे’ अथवा अफूसमान पेप्टाइडे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्यांचा विचार भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का करावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे साहजिक आहे. त्याचे पहिले उत्तर असे की, या द्रव्यांच्या शोधाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्यांच्या नामकरणाचा इतिहास आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. एखाद्या वस्तूचे नाव तिच्या ज्ञानाच्या आधी ठरून गेले, म्हणजे पुढील अभ्यासक व सामान्य जन त्या नावाच्या अनुरोधानेच वस्तूचा विचार करू लागतात. प्रस्तुत प्रकरणी असेच घडले आहे. त्याचे परिणाम ग्रंथांपुरते राहिलेले नाहीत. ते दुधाच्या पिशवीवरील मजकुरात उमटले आहेत आणि कर्करोगाने पीडित रुग्णाच्या उशाशीही जाऊन पोहोचले आहेत.

या लेखात तीन गोष्टी पाहावयाच्या आहेत. ही द्रव्ये निसर्गात कोठे कोठे आढळतात, ती प्राण्यांच्या व मनुष्याच्या वर्तनावर कोणता परिणाम करतात, आणि त्यांच्या नावांनी आपल्या समजुतीस कोठे वाट दाखविली व कोठे वाट चुकविली, या त्या तीन गोष्टी होत.

प्रथम संज्ञेचा खुलासा करणे इष्ट होईल. ॲमिनो अम्लांचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन साखळी तयार होते. ती आखूड असल्यास तिला पेप्टाइड व लांब असल्यास प्रथिन म्हणतात. सजीवांच्या प्रथिनांत सामान्यतः वीस प्रकारची ॲमिनो अम्ले येतात. ही वीस वर्णांची वर्णमाला मानल्यास पेप्टाइड हा शब्द व प्रथिन हे दीर्घ वाक्य होय. जीवरसायनशास्त्रज्ञही एकेका अम्लास एकेक अक्षर नेमूनच या साखळ्या लिहितात. तेव्हा ही उपमा आम्ही बाहेरून आणून लादलेली नाही.

२. नामकरणाचा क्रम आणि निसर्गाचा क्रम

ग्रीक भाषेत ‘ओपोस’ म्हणजे वनस्पतीचा रस. त्याचे लघुत्ववाचक रूप ‘ओपिऑन’. हाच शब्द अरबीत ‘अफ्यून’ झाला आणि फारसीच्या वाटेने भारतीय भाषांत उतरून हिंदीत ‘अफीम’ व मराठीत ‘अफू’ या रूपाने स्थिरावला. संस्कृत वैद्यकग्रंथांत त्यास ‘अहिफेन’ असे म्हटले आहे. शब्दशः अर्थ सापाचा फेस. वस्तुतः सापाचा येथे काहीएक संबंध नाही. परक्या ध्वनीस ओळखीच्या शब्दांचे रूप देण्याची ही प्रवृत्ती भाषाशास्त्रात लौकिक व्युत्पत्ती म्हणून परिचित आहे. परंतु एकदा असे रूप दिले गेले, की खसखशीच्या बोंडातील चिकाला विषारी सापाचा गुण आपोआप चिकटतो. नाव प्रथम ध्वनीसाठी येते आणि मागाहून अर्थ निर्माण करते, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रीडरिख झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतील मुख्य द्रव्य वेगळे केले व १८१७ साली, स्वप्नांची ग्रीक देवता मॉर्फियस हिच्या नावावरून, त्यास ‘मॉर्फियम’ म्हटले. तेच आजचे मॉर्फीन. त्यानंतर दीडशे वर्षे मॉर्फीन शरीरात नेमके कोठे कार्य करते हा प्रश्न अनुत्तरित राहिला. १९७३ साली अमेरिकेत कॅन्डेस पर्ट व सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्क येथे एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की मेंदूतील पेशींवर मॉर्फीनसारखी द्रव्ये नेमकी जाऊन बसतील अशी स्थाने आहेत. या स्थानांस ‘ग्राही’ म्हणतात. किल्लीने कुलूप उघडावे त्याप्रमाणे योग्य रेणूने ग्राही कार्यान्वित होतो. अफूच्या झाडासाठी मनुष्याच्या मेंदूत कुलूप असावे हे संभवनीय नव्हते. तेव्हा शरीराची स्वतःची किल्ली कोणती, हा पुढील प्रश्न ओघानेच आला.

१९७५ साली स्कॉटलंडमधील ॲबरडीन येथे जॉन ह्यूज व हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून पाच-पाच ॲमिनो अम्लांची दोन पेप्टाइडे वेगळी केली आणि ‘डोक्यातील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांस ‘एन्केफॅलिन’ असे नाव दिले. त्याच सुमारास एरिक सायमन यांनी या सर्व वर्गासाठी ‘एंडॉर्फिन’ हा शब्द सुचविला. ‘अंतर्जात’ या अर्थाचा पूर्वभाग व ‘मॉर्फीन’चा उत्तरभाग मिळून झालेला हा सामासिक शब्द आहे. १९७६ साली चो हाओ ली यांनी उंटाच्या पोष ग्रंथीतून एकतीस अम्लांचे बीटा-एंडॉर्फिन मिळविले. १९७९ साली ॲव्हरम गोल्डस्टीन यांनी एका अत्यंत प्रभावी पेप्टाइडास ‘सामर्थ्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘डायनॉर्फिन’ हे नाव दिले. ग्राहींचे मुख्य प्रकारही तीन ठरले आणि त्यांस ग्रीक अक्षरांची नावे मिळाली. ‘म्यू’ हे मॉर्फीनच्या आद्याक्षरावरून, ‘कॅप्पा’ हे किटोसायक्लाझोसीन या औषधाच्या आद्याक्षरावरून आणि ‘डेल्टा’ हे ज्या शुक्रवाहिनीवर प्रयोग झाले त्या अवयवाच्या लॅटिन नावातील अक्षरावरून आलेले आहे. म्हणजे तीनपैकी दोन ग्राहींची नावे शरीराबाहेरील औषधांवरून पडली आहेत.

येथे क्रमाचा विपर्यास ध्यानात घ्यावा. आपणांस अफू प्रथम कळली, मॉर्फीन नंतर, ग्राही त्याहून नंतर आणि शरीरातील पेप्टाइड सर्वांत शेवटी. निसर्गाचा क्रम याच्या नेमका उलट आहे. या ग्राहींचे कुल जबडा असलेल्या पृष्ठवंशी प्राण्यांत, माशांपासून मनुष्यापर्यंत, आढळते. त्याचा उगम सुमारे पंचेचाळीस कोटी वर्षांपूर्वीचा मानला जातो. सपुष्प वनस्पतींचे जीवाश्म यापुढे बरेच अलीकडचे, सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. शरीरातील पेप्टाइड हा मूळ शब्द आणि अफू हा उसना शब्द होय. परंतु ‘अंतर्जात मॉर्फीन’ हे नाव उच्चारताच मूळ शब्द उसन्याचे अनुकरण वाटू लागतो. या लेखाचे मुख्य प्रतिपादन हेच आहे.

३. पाच वर्णांचा शब्द

ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांना मिळालेला पहिला शब्द टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, फेनिलॲलॅनीन, मेथिओनीन असा आहे. दुसऱ्यात पहिले चार वर्ण तेच असून पाचवा ल्यूसीन आहे. बीटा-एंडॉर्फिनची सुरुवात पहिल्या शब्दाच्या पाच वर्णांनी होते, डायनॉर्फिनची दुसऱ्याच्या. म्हणजे या कुलातील प्रमुख सदस्यांचा प्रारंभ समान चार वर्णांनी होतो आणि पुढील भागानुसार कोणत्या ग्राहीशी अधिक सख्य हे ठरते. आरंभीचे टायरोसीन विशेष महत्त्वाचे आहे. बीटा-एंडॉर्फिनच्या टायरोसीनला पुढच्या बाजूने ॲसिटिल गट जोडला, तर त्याचे अफूसमान कार्य नष्ट होते. मॉर्फीनच्या रचनेतील एक भाग याच टायरोसीनशी जुळतो. इतकेच नव्हे, तर खसखशीचे झाडही मॉर्फीन तयार करते ते टायरोसीनपासूनच. झाड व प्राणी यांनी एकाच वर्णापासून दोन भिन्न लेखनपद्धतींनी जवळजवळ एकच अर्थ साधला, असे म्हणावयास हरकत नाही.

ध्वनिविचारात आपण लघुतम भेदाची जोडी शोधतो. ‘पाट’ व ‘ताट’ यांत एका ध्वनीने अर्थ बदलतो, त्यावरून त्या ध्वनींचे भेदक मूल्य सिद्ध होते. येथेही अशी जोडी उपलब्ध आहे. १९९५ साली दोन गटांनी एकच नवे पेप्टाइड शोधले. एकाने त्यास ‘नोसिसेप्टिन’ व दुसऱ्याने ‘ऑर्फनिन’ म्हटले. त्याचे पहिले चार वर्ण फेनिलॲलॅनीन, ग्लायसीन, ग्लायसीन, फेनिलॲलॅनीन असे आहेत. टायरोसीनच्या जागी फेनिलॲलॅनीन एवढाच काय तो आरंभीचा फरक, आणि तो एका हायड्रॉक्सिल गटाचा आहे. तरीही हे पेप्टाइड डायनॉर्फिनशी एवढे साम्य राखून पूर्वोक्त तीन ग्राहींकडे न जाता स्वतःच्या वेगळ्या ग्राहीकडे जाते.

हे शब्द शरीरात सुटे तयार होत नाहीत. प्रथम एक दीर्घ प्रथिन तयार होते आणि वितंचके, म्हणजे एंझाइमे, ते ठरावीक जागी तोडतात. संहितेचा पदच्छेद करावा तसाच हा प्रकार आहे. छेदाची खूण म्हणजे बहुधा लायसीन व आर्जिनीन या जातीच्या अम्लांची जोडी. बीटा-एंडॉर्फिन ज्या दीर्घ प्रथिनातून निघते त्याच प्रथिनातून अधिवृक्क ग्रंथीस चेतविणारे हॉर्मोनही निघते. एकाच रस्त्याला जसा फाटा फुटतो तसे हे आहे: पोष ग्रंथीच्या पुढील खंडात त्या प्रथिनाचा छेद एका रीतीने होतो, मधल्या खंडात दुसऱ्या रीतीने. तणावाच्या प्रसंगी ही दोन्ही द्रव्ये एकत्रच रक्तात सोडली जातात, हे १९७७ साली उंदरांवरील प्रयोगात दिसून आले. संकटाशी झगडण्याची तयारी आणि वेदना सोसण्याची तयारी ही एकाच संहितेतून काढलेली दोन पदे आहेत.

४. बाह्य उगमस्थाने

आतापर्यंत शरीरातील पेप्टाइडांचा विचार झाला. परंतु असेच शब्द अन्नातील प्रथिनांतही दडलेले असतात. १९७९ साली अशा बाहेरून येणाऱ्या पेप्टाइडांस ‘एक्झॉर्फिन’ हे नाव देण्यात आले. येथेही उत्तरभाग मॉर्फीनचाच आहे.

उदाहरणांसाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना, जेथे उमरखेड-यवतमाळकडील रस्ता वेगळा होतो, ते कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा हे ठिकाण घ्यावे. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याचा हा भाग. खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू व हरभरा, आणि घरोघरी गाईम्हशींचे दूध असा येथील सर्वसाधारण क्रम आहे. या तीन परिचित पदार्थांत आपल्या विषयाची तीन प्रमुख उदाहरणे सापडतात.

पहिले दूध. दुधातील बीटा-केसीन या प्रथिनात टायरोसीन, प्रोलीन, फेनिलॲलॅनीन, प्रोलीन, ग्लायसीन, प्रोलीन, आयसोल्यूसीन असा सात वर्णांचा क्रम येतो. तो सुटा झाल्यास त्यास बीटा-केसोमॉर्फिन म्हणतात. हा सप्तवर्णी शब्द सर्वच गाईंच्या केसीनमध्ये आहे. फरक त्याच्यानंतर येणाऱ्या वर्णात, म्हणजे केसीनच्या सदुसष्टाव्या स्थानी पडतो. तेथे हिस्टिडीन असेल तर पचनरसातील वितंचकांना तेथे छेद करणे सुकर जाते. असे केसीन ‘ए-१’. तेथे प्रोलीन असेल तर छेद कठीण होतो, ते ‘ए-२’. शब्द तोच, परंतु पुढील वर्णामुळे पद सुटते किंवा सुटत नाही, हे संधीच्या अभ्यासकांस नवे वाटू नये. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत भारतीय वंशाच्या गाईंत व म्हशींत जवळजवळ सर्वत्र ए-२ प्रकारच आढळला. मराठवाड्यातील लाल कंधारी व देवणी ही गुरे भारतीय वंशाचीच होत.

दुसरा गहू. गव्हाच्या ग्लुटेनमधून १९९२ साली जपानी संशोधकांनी काही पेप्टाइडे मिळविली. त्यांपैकी एकाचा क्रम टायरोसीन, ग्लायसीन, ग्लायसीन, ट्रिप्टोफॅन, ल्यूसीन असा आहे. डुकराच्या मेंदूतील ल्यूसीन-एन्केफॅलिनशी त्याची तुलना केल्यास पाचांपैकी केवळ चौथा वर्ण वेगळा आढळतो. ज्वारीत ग्लुटेन नसल्याने हे पेप्टाइड तिच्या भाकरीत नाही.

तिसरे सोयाबीन. २००७ साली क्योतो विद्यापीठातील ओहिनाता व योशिकावा यांच्या गटाने सोयाबीनमधील बीटा-कॉन्ग्लायसिनिन या प्रथिनातून ‘सॉयमॉर्फिन’ मिळविल्याचे जाहीर केले. त्याचे पाच वर्ण टायरोसीन, प्रोलीन, फेनिलॲलॅनीन, व्हॅलीन, व्हॅलीन असे आहेत. लक्षणीय गोष्ट अशी की, यांतील पहिले चार वर्ण मानवी मातेच्या दुधातील केसोमॉर्फिनच्या पहिल्या चार वर्णांशी तंतोतंत जुळतात. वारंग्याच्या शिवारातील शेंगेत आणि आईच्या दुधात एकच चतुर्वर्णी पद असावे, ही गोष्ट विस्मयकारक असली तरी तिचा अर्थ जपून लावावयास हवा. समान ध्वनींचे शब्द दोन असंबद्ध भाषांत सापडले म्हणून त्या भाषा एका कुलातील ठरत नाहीत; वीस वर्णांच्या लिपीत चार वर्णांचा योग पुनःपुन्हा येणारच. शिवाय सोयाबीनचे तेल गाळले जाते तेव्हा प्रथिन पेंडीत राहते आणि पेंड बहुतांशी कोंबड्या-गुरांकडे जाते, हेही विसरून चालणार नाही.

चौथे उदाहरण प्रत्येक हिरव्या पानात आहे. प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को या वितंचकाच्या पालकातील नमुन्यातून २००१ साली ‘रुबिस्कोलिन’ मिळविण्यात आले. आणि पाचवे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील वृक्षवासी बेडकांचे. त्यांच्या त्वचेतील ‘डर्मॉर्फिन’ १९८१ साली इटलीतील व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांच्या गटाने प्रकाशात आणले. त्यातील दुसरा वर्ण ॲलॅनीन हा नेहमीच्या रूपाचा नसून त्याच्या आरशातील प्रतिमेसारखा आहे. प्राण्यांच्या पेप्टाइडांत असे रूप सहसा आढळत नाही, आणि त्यामुळे वितंचकांना ते तोडणे कठीण जाते. पेरूमधील मात्सेस लोक शिकारीपूर्वी अशा एका बेडकाचा स्राव त्वचेवरील डागात भरतात.

दुधातील व धान्यातील पेप्टाइडांना मात्र हे संरक्षण नाही. आतड्यातील व रक्तातील वितंचके, विशेषतः प्रोलीननंतर छेद करणारे एक वितंचक, ती त्वरेने तोडतात. उरलेल्यांस रक्त व मेंदू यांमधील पडदा ओलांडावा लागतो. उंदरास तोंडावाटे सॉयमॉर्फिन दिल्यावर त्याची भीती कमी झाल्याचे प्रयोगात दिसले, हे खरे. परंतु प्रयोगात शुद्ध पेप्टाइड मोजून देणे आणि मनुष्याने सोयावडीची भाजी खाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

५. वर्तनावरील परिणाम

या पेप्टाइडांचे वर्तनावरील कार्य ओळखण्याची मुख्य युक्ती म्हणजे नालॉक्सोन अथवा नाल्ट्रेक्झोन ही प्रतिरोधक औषधे. ती ग्राहीत बसतात, पण त्यास कार्यान्वित करीत नाहीत. ती दिल्यावर एखादे वर्तन बदलले, तर त्यामागे ही पेप्टाइडे असावीत असे अनुमान करता येते.

पहिले क्षेत्र वेदनेचे. दुसऱ्या महायुद्धात गंभीर जखमी झालेले पुष्कळ सैनिक वेदनाशामक मागत नाहीत, हे हेन्री बीचर या वैद्याने १९४६ साली नमूद केले होते. १९७८ साली अमेरिकेत दात काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेले द्रव्य औषध म्हणून दिल्यावर काहींचे दुखणे कमी झाले. नालॉक्सोन दिल्यावर हा आराम नाहीसा झाला. केवळ भरवशाने वाटणारा आरामही शरीरातील रसायनाच्या द्वारेच येतो, असा त्याचा आशय. पुढील संशोधनाने या चित्रात इतर द्रव्यांचीही भर घातली आहे.

दुसरे क्षेत्र सहवासाचे. जाक पॅन्कसेप व त्यांचे सहकारी यांनी १९७८ सालापासून दाखविले, की आईपासून दूर केलेली कुत्र्याची पिल्ले अथवा कळपापासून वेगळे केलेले कोंबडीचे पिल्लू आकांत करते, आणि मॉर्फीनच्या अत्यल्प मात्रेने, गुंगी न येताही, तो आकांत शमतो. २००४ साली म्यू ग्राहीचा जनुक नसलेल्या उंदरांची पिल्ले तपासली गेली. आईपासून दूर केल्यावर ती फारच कमी ओरडली, आणि आईच्या वासाची ओढही त्यांच्यात दिसली नाही. विरह ही एका अर्थी वेदनाच होय, हे साहित्याने पुष्कळ वेळा सांगितले आहे. शरीरानेही दोहोंसाठी एकच ग्राही वापरला आहे.

या निष्कर्षाच्या प्रकाशात मुंबईच्या गिरणगावातील एक जुना व्यवहार पाहावा. कामावर जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळागोळी’ देत. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही श्रम आयोगाच्या अहवालातही गिरणी कामगार स्त्रियांच्या या प्रथेची दखल घेतलेली आहे. त्या काळी त्यास अज्ञान म्हटले गेले. मूल झोपी जाई, एवढाच त्याचा अर्थ नव्हता. आईचा स्पर्श व दूध ज्या ग्राहीवर कार्य करतात, त्याच ग्राहीवर आईच्या गैरहजेरीत अफू ठेवली जात होती. तीत श्वास मंदावून मूल दगावण्याचा धोका होता आणि पोषणही खुंटत होते. परंतु दोष ज्ञानाचा जेवढा, तेवढाच कामाच्या तासांचा व पाळणाघराच्या अभावाचा होता, हे रसायनाचे ज्ञान झाल्यावर अधिक स्पष्ट दिसते.

तिसरे क्षेत्र अन्नाचे. नाल्ट्रेक्झोन घेतलेल्या व्यक्तीस पदार्थाची चव ओळखता येते, पण त्याची गोडी कमी वाटते. चौथे क्षेत्र या सर्वांच्या विरुद्ध आहे. डायनॉर्फिन व कॅप्पा ग्राही यांच्या कार्याने सुख नव्हे तर उद्वेग उत्पन्न होतो. कॅप्पा ग्राहीस चेतविणाऱ्या औषधाने मनुष्यास अस्वस्थता व भ्रम होतात, हे १९८६ साली नोंदविले गेले. म्हणून या कुलास ‘आनंदाची रसायने’ म्हणणे अर्धसत्य आहे. धावल्यानंतर वाटणाऱ्या उल्हासाचे श्रेय एंडॉर्फिनला देण्याची रूढी आहे; पण २०२१ साली जर्मनीत झालेल्या प्रयोगात नाल्ट्रेक्झोन घेतलेल्या धावपटूंनाही तो उल्हास तसाच वाटला. शब्द लोकप्रिय झाला म्हणजे त्याचा अर्थ सिद्ध झाला असे नव्हे.

६. ‘लागणे’ या क्रियापदाविषयी

मराठीत मार लागतो, भूक लागते, पदार्थ गोड लागतो, झोप लागते, लळा लागतो, ओढ लागते, चटक लागते आणि व्यसनही लागते. अफूसमान पेप्टाइडांचा ज्या क्षेत्रांशी संबंध दिसून आला आहे, त्यांपैकी बहुतेकांची नावे मराठी वक्ता याच एका क्रियापदाने सांगतो. याला रसायनाचा पुरावा मानणे हास्यास्पद होईल. ‘आग लागणे’ व ‘वाट लागणे’ हेही प्रयोग याच क्रियापदाचे आहेत. परंतु या वाक्यांची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘त्याला व्यसन लागले’ या वाक्यात तो कर्ता नाही. तो चतुर्थीत असून अनुभव घेणारा आहे. याउलट ‘नशा’, ‘कैफ’ व ‘अंमल’ हे शब्द अरबीतून आलेले. त्यांपैकी ‘अंमल’ याचा अर्थ राज्य असाही होतो. अंमल चढतो तेव्हा मनुष्यावर दुसऱ्याची सत्ता चालते. ‘तो व्यसन करतो’ असे म्हणताच मात्र तोच मनुष्य कर्ता होतो व दोषास पात्र ठरतो.

१९९६ साली म्यू ग्राहीचा जनुक काढून टाकलेल्या उंदरांवर मॉर्फीनची ना वेदनाशामक क्रिया झाली, ना त्यांस त्याची ओढ लागली. म्हणजे औषधाचा गुण व व्यसनाचा अवगुण एकाच दाराने येतात. बाहेरून अफू वारंवार आली की ग्राही व पेशी तिला सरावतात, आणि ती बंद होताच वेदना, अनिद्रा, अतिसार व व्याकुळता उत्पन्न होते. हे पाहिल्यावर ‘लागणे’ हे क्रियापद ‘करणे’ या क्रियापदाहून वस्तुस्थितीस अधिक जवळचे ठरते.

७. नावांचे व्यावहारिक परिणाम

‘केसोमॉर्फिन’ या नावात मॉर्फीन असल्याने दूध व गहू ही जणू मादक द्रव्ये आहेत असा प्रचार होऊ लागला, आणि ‘ए-२’ दुधास अधिक दाम मिळू लागले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००९ साली उपलब्ध संशोधनाचे परीक्षण करून केसोमॉर्फिन व सुचविलेले आजार यांत कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असा निर्वाळा दिला. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ए-१’ व ‘ए-२’ हे दावे काढून टाकण्याचा आदेश काढला व काही दिवसांतच तो मागे घेतला. वारंग्याच्या शेतकऱ्याच्या गोठ्यातील दूध बहुधा ए-२ आहे. पण त्याचे मोल त्याच्या सकसपणावर व स्वच्छतेवर ठरावे, एका भयसूचक प्रत्ययावर नव्हे.

दुसरा परिणाम अधिक दुःखद आहे. भारत हा अफूचे कायदेशीर उत्पादन करणारा देश असून मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथे परवान्याने तिची लागवड होते. तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. परवान्यांची गुंतागुंत व शिक्षेचे भय यांमुळे औषधालयांनी ते ठेवणेच सोडून दिले आणि कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना अखेरचे दिवस असह्य वेदनेत काढावे लागले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक अमली औषधे’ हा वर्ग निर्माण झाला. या नव्या संज्ञेने एकाच वस्तूच्या दोन उपयोगांत भेद केला. नामकरण उपकारकही होऊ शकते, याचे हे उदाहरण होय. मात्र जिल्हा पातळीवरील वैद्य व नातेवाईक यांच्या मनातील ‘मॉर्फीन’ या शब्दाची भीती कायद्याच्या दुरुस्तीने एकदम जात नाही.

तिसरे उदाहरण भयाच्या उलट बाजूचे आहे. मुलांच्या अतिसारावर आपल्याकडे रेसेकाडोट्रिल हे औषध दिले जाते. ते आतड्यातील एन्केफॅलिन तोडणाऱ्या वितंचकास अडवते. त्यामुळे शरीराचे स्वतःचे एन्केफॅलिन अधिक वेळ टिकते व आतड्यात पाणी झिरपणे कमी होते. अफूने जुलाब थांबतात हे वैद्यांस पूर्वापार ठाऊक होते. येथे तोच परिणाम अफूशिवाय साधला आहे. त्याच्या नावात मॉर्फीन नसल्याने त्याविषयी कोणी साशंकही होत नाही.

मराठीत या विषयाची परिभाषा अद्याप स्थिर व्हावयाची आहे. ‘अफूसमान पेप्टाइड’ ही संज्ञा आम्ही येथे रूढीस अनुसरून वापरली. तथापि अध्यापनात ‘वेदनाशामक पेप्टाइडकुल’ अथवा ग्राहीच्या नावावरून ‘म्यू-कुल’, ‘कॅप्पा-कुल’ असे शब्द योजणे अधिक सयुक्तिक ठरेल, कारण त्यांत अफूचा उल्लेख न होता कार्याचा किंवा स्थानाचा उल्लेख होतो. यांतही दोष आहेत. कॅप्पा-कुलाचे कार्य केवळ वेदनाशमन नव्हे, हे वर आलेच आहे. जीवशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र बसून अशा पन्नासएक संज्ञांचा विचार केल्यास तो या पत्रिकेच्या पुढील अंकांसाठी उपयुक्त विषय होईल.